गाण्यातलं सोनं आणि बाजारातला कापूस

(नागपूर येथील जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते निवृत्त मराठी शिक्षक असून कोरडवाहू शेती करतात.)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो, पीकविम्यावर बोललो, रोही आणि डुकरांवर बोललो. आता जेवणं झाली. जेवणानंतर ‘गाण्यांतली भाषा’ असा विषय पत्रिकेत वाचून काही मंडळी कडुनिंबाखाली आडवी व्हायला निघाली होती, ती मी पाहिली. त्यांचं चूक नाही. ज्याच्या घरात बोंडअळीनं खाल्लेला कापूस पडला आहे, त्याला गाण्याचं काय कौतुक? तरीही अर्धा तास द्या. हा विषय वाटतो तितका रिकामटेकडा नाही.

माझी ओळख दोन वाक्यांत सांगतो. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि तितकीच वर्षं नऊ एकर कोरडवाहू केली. म्हणजे दिवसा पोरांना अलंकार शिकवायचे आणि पेरणीच्या तोंडावर घरातले अलंकार गहाण ठेवायचे, अशी दोन्ही कामं केली. (हशा)

हसा, पण मला आज जे सांगायचं आहे त्याची सुरुवात एका वाईट दिवशी झाली. गावाचं नाव सांगत नाही. पंधरा ऑगस्ट होता. चौकात भोंगा लावला होता आणि देशभक्तीची गाणी चालू होती. चार दिवसांपूर्वी मागच्या गल्लीतला एक जवान शेतकरी गेला होता. कसा गेला ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. आम्ही चार माणसं त्या घरी बसायला गेलो. बाहेर भोंग्यावर गाणं लागलं होतं, आपल्या देशाची जमीन सोनं पिकवते, हिरेमोती पिकवते. सगळ्यांचं पाठ असलेलं गाणं. आम्ही माना खाली घातल्या. ती बाई काही रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “गुरुजी, त्या भोंग्यावाल्याले सांगा ना जी, आवाज कमी कर म्हनावं.”

एकतीस वर्षं मी ‘अतिशयोक्ती अलंकार’ शिकवला. तो काय असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

अलंकार आपल्याच घरचे

पुस्तकात उपमा, रूपक, अन्योक्ती ही नावं वाचली की वाटतं, ही पंडितांची मिरासदारी. तसं नाही. आपण दिवसभर तेच बोलतो. ‘पोरगं तिफणीच्या दांड्यासारखं सरळ आहे’ म्हटलं की झाली उपमा. ‘सारखं’, ‘जसं’, ‘जणू’ हे शब्द आले की दोन वस्तू शेजारी उभ्या केल्या. ‘पोरगं म्हणजे नुसता वळू आहे’ म्हटलं की झालं रूपक. इथं ‘सारखं’ गळालं आणि दोन वस्तू एकच केल्या. ‘यंदा मृगानं दगा दिला’ म्हटलं की चेतनगुणोक्ती. मृग हे नक्षत्र, ते कशाला दगा देईल? पण आपण त्याला माणूस केलं. आणि लेकीला बोलायचं, सुनेला लागायचं, ही झाली अन्योक्ती. ती शिकवायला कुठल्या शाळेची गरज पडत नाही.

आपल्या धंद्यातले शब्द तर अलंकारांनीच भरले आहेत. बोंड नीट फुटलं नाही, कापूस आतच घट्ट राहिला, की आपण म्हणतो कवडी झाली. गुलाबी बोंडअळी फुलात शिरते, पाकळ्या उमलू देत नाही, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं, त्याला आपण डोमकळी म्हणतो. पहिल्या वेच्याच्या दिवशी आपल्या बाया वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात. सीता या शब्दाचा जुना अर्थच मुळी नांगराचं तास. म्हणजे जनकाला तासात सापडली ती सीता, आणि आपण पऱ्हाटीत पुजतो तीही सीताच.

तेव्हा अलंकार ही आपली चीज आहे. प्रश्न असा, की आपली ही चीज गाण्यात गेल्यावर तिचं काय होतं? कधी ती आपलं सत्य सांगते आणि कधी आपलंच दुःख झाकायला वापरली जाते. या दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे. वेचलेल्या कापसातून आपण कवडी वेगळी काढतो, तशी गाण्यातली कवडीही वेगळी काढता आली पाहिजे.

बहिणाबाईचं बोंड

चांगल्या उपमेचा नमुना पाहायचा तर बहिणाबाई चौधरींकडे जावं लागतं. जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई. १८८० साली जन्मली, १९५१ साली गेली. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि वावरात गाणी म्हणायची. मुलगा सोपानदेव आणि घरातली मंडळी ती टिपून घ्यायची. ती गेल्यावर १९५२ साली, आचार्य अत्र्यांनी आग्रह धरला म्हणून ती गाणी पुस्तकात आली. पुढे १९६१ साली ‘मानिनी’ सिनेमात आशा भोसलेंनी ती म्हटली आणि घराघरांत पोचली.

मनाबद्दल पोथ्यांत पुष्कळ लिहिलेलं आहे. बहिणाबाईनं काय केलं? मनाला मोकाट गुरू म्हटलं. कितीही हाकला, ते पुन्हा पिकातच शिरतं. ज्यानं धुऱ्यावर काठी घेऊन दिवस काढला आहे, त्याला मन म्हणजे काय हे आणखी समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या एका गाण्यात तिनं कशाला काय म्हणू नये याची यादीच दिली आहे. त्यात ती सांगते, फुटलं पण आत कापूस नाही, त्याला बोंड म्हणू नका. आणि ज्या तोंडात देवाचं नाव नाही, त्याला तोंड म्हणू नका.

पाहा, उपमेचं वजन कुठं आहे. ही बाई कापूस वेचत होती. रिकामं बोंड हातात आलं की बोटांना काय वाटतं, हे तिला ठाऊक होतं. २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीची पऱ्हाटी पोखरली, तेव्हा आपल्यालाही ते ठाऊक झालं. बाहेरून बोंड दिसायचं, आत सरकी खाल्लेली, रुई डागाळलेली. इतक्या वर्षांनीही ती उपमा शिळी होत नाही, कारण ती कामातून आली आहे.

ना. धों. महानोर यांचंही तसंच. अजिंठ्याजवळच्या पळसखेडचे शेतकरी. १९६७ साली ‘रानातल्या कविता’ आल्या, १९७७ साली ‘जैत रे जैत’ सिनेमाची गाणी आली, २०२३ साली ते गेले. ज्वारीच्या कणसांना चांदणं लगडलेलं त्यांनी पाहिलं. शहरातल्या रसिकाला ही कल्पना वाटते, नाजूक, सुंदर. पण दाणे भरत आलेल्या ज्वारीत ज्यानं माळ्यावर बसून जागल केली आहे, त्याला माहीत आहे की ही कल्पना नसून डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे. टिपूर चांदण्यात पांढरं कणीस असंच दिसतं. आता ज्वारीचा पेरा घटला, तिच्या जागी सोयाबीन आलं. पुढच्या पिढीला ही उपमा पुस्तकात समजावून सांगावी लागेल. पीक गेलं की त्याच्यासोबत भाषाही जाते, हे आपल्या हिशेबात कुठंच धरलेलं नसतं.

आणि आपल्या अकोल्याचे विठ्ठल वाघ. त्यांचं वऱ्हाडीतलं तिफणीचं गाणं सिनेमात गेलं आणि लग्नाच्या बँडवाल्यांपर्यंत पोचलं. त्यात वीज नाचते आणि ढग ढोल वाजवतो, ही चेतनगुणोक्ती सगळ्यांच्या लक्षात राहते. पण मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. तिफण हाकणारा गडी तिथं महादेव आहे, बैल नंदी आहे, आणि पोटाला ओटी बांधून पेरत चालणारी बाई पार्वती आहे. ओटी हा शब्द पाहा. बियाण्याची ती ओटी, आणि लेकीबाळीची भरतो तीही ओटी. एका शब्दात जमीन आणि बाई दोन्ही आल्या. कवीनं शेतकऱ्याला उचलून देवळात बसवलं नाही. देवालाच वावरात आणून कामाला लावलं. ही खरी इज्जत.

उसाचा तुरा आणि फसवा पाऊस

आता बायांनी रागावू नये, थोडं लावणीवर बोलतो. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजातली उसाच्या फडाची लावणी तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. ऊस तुऱ्यावर आला आहे, सांभाळ, नाहीतर कोल्हा लागेल. बोलणं उसाबद्दल, रोख तरुण पोरीकडे. ही अन्योक्ती. पण तिच्यातलं शेतीचं ज्ञान किती पक्कं आहे! उसाला तुरा आला की वाढ थांबते. तोडणी लांबली तर कांडं आतून पोकळ पडू लागतं आणि साखरेचा उतारा घसरतो. म्हणजे ‘वेळ निघून चालली आहे’ ही गोष्ट तुऱ्यातच आहे, वेगळी सांगावी लागत नाही. ज्यानं ऊस पाहिलाच नाही, त्याला त्या लावणीतली अर्धीच गंमत कळते.

मला मात्र नेहमी एक प्रश्न पडतो. सिनेमाच्या लावण्यांत ऊस आहे, मोट आहे, मळा आहे. पऱ्हाटी कुठं आहे? मला तरी अशी एकही गाजलेली लावणी आठवत नाही. कारण सरळ आहे. मराठी सिनेमा कोल्हापूर-पुण्यात वाढला, तिथला शेतकरी पाण्याचा. गाण्यातला ‘शेतकरी’ म्हणून जो उभा राहिला, तो त्या भागातला बागायतदार. आपण कोरडवाहूवाले त्या चित्रात बसलोच नाही. धरणाचं पाणी जसं आपल्यापर्यंत आलं नाही, तसं गाणंही आलं नाही.

पावसाचंही तेच. सिनेमातल्या गाण्यात पाऊस म्हणजे प्रीती, ओली साडी आणि छत्री. विरह म्हणजे कोरडा श्रावण. ती उपमा खोटी नाही, पण ती ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याची उपमा आहे. मृगात एक सर येते, आपण तिफण जुंपतो, मग वीस दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलेल्या माणसाला विचारा, फसवी प्रीती कशी असते. त्याच्यावर कोणी गाणं केलं तर ते मोठं प्रेमगीत होईल. (हशा)

सोनं कोणाचं?

आता त्या भोंग्यावरच्या गाण्याकडे येतो. ‘उपकार’ हा सिनेमा १९६७ सालचा. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली दिली होती, तिच्या वाऱ्यावर हा सिनेमा आला. गाणं गुलशन बावरांनी लिहिलं, महेंद्र कपूरनी म्हटलं. चाल जबरदस्त, बैलांच्या घुंगरांची आठवण करून देणारी. लिहिणाऱ्याच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. त्या वर्षांत देशात दुष्काळ होता, अमेरिकेचा गहू बोटीनं येत होता. अशा वेळी शेतकऱ्याच्या कामाला कोणी सोनं म्हटलं, तर छाती भरून येणारच. माझीही आली होती.

पण रूपकाचा एक धोका असतो. उपमेत ‘सारखं’ हा शब्द असतो, म्हणून फरक लक्षात राहतो. रूपकात तो गळतो. ‘पीक सोन्यासारखं आहे’ याचा अर्थ, ते मोलाचं आहे, त्याला तसा भाव द्या. ‘पीक सोनंच आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांच्याकडे सोनं आहे, आता यांना आणखी काय द्यायचं?

कापसाला ‘पांढरं सोनं’ कधी, कोणासाठी म्हटलं गेलं असेल, याचा विचार करा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल याच शहरात सुरू झाली. व्यापाऱ्याला सोनं होतं, गिरणीला सोनं होतं, रेल्वेला सोनं होतं. एम्प्रेस मिल गेली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. सोनं या शब्दाला मात्र कोणी हात लावला नाही, तो आपल्या गळ्यात तसाच राहिला.

आता शाळामास्तर म्हणून एक गणित घालतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव जाहीर झाला क्विंटलला ८,११० रुपये. तो हाती किती जणांच्या पडतो हे सकाळी बोलून झालं आहे, आता त्यात शिरत नाही. त्याच २०२५ साली सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा आकडा ओलांडला. म्हणजे ग्रॅमला दहा हजारांच्या वर. एक क्विंटल पांढरं सोनं विकलं तर पिवळं सोनं एक ग्रॅमही येत नाही. आपल्या जुन्या मापात सांगायचं तर एक मासासुद्धा भरत नाही. क्विंटलभर कापूस म्हणजे किती वेळा वाकणं, किती वेळा बोटं टोचणं, हे इथं बसलेल्या बायांना विचारा. पुढच्या वेळी कोणी मंचावरून ‘पांढरं सोनं’ म्हणालं, की रागावू नका. एवढंच विचारा, “साहेब, तोळ्याचा भाव काय धरला?”

राजा आणि आई

दुसरं रूपक बळीराजाचं. ते मला जवळचं आहे, म्हणून त्याच्याबद्दल जपून बोलतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीची गोष्ट उलटी करून सांगितली. पाताळात ढकललेला तो न्यायी राजा होता आणि ढकलणारा कपटी होता, असं त्यांनी मांडलं. दिवाळीत आपल्या आयाबहिणी ओवाळताना इडापीडा टळो आणि बळीचं राज्य येवो म्हणतात, त्याचा अर्थ त्यांनी आपल्याला लावून दाखवला.

आता नीट लक्ष द्या. त्या मागण्यात बळी हा राजा आहे आणि त्याचं राज्य अजून यायचं आहे. ज्याच्या राज्यात शेतकरी सुखी होता, असा तो राजा. पण गेल्या काही वर्षांत गाण्यांत, जाहिरातींत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत शेतकऱ्यालाच बळीराजा म्हणायची पद्धत पडली. बळीराजा सुखावला, बळीराजा हवालदिल, बळीराजा बँकेच्या दारात. जो राज्याची वाट पाहत होता, त्यालाच राजा म्हणून टाकलं. मग वाट पाहायचं कारणच उरलं नाही.

शाळेत एक अलंकार शिकवतो, व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा. पोरं विचारायची, गुरुजी, इथं व्याज कुठून आलं? मी सांगायचो, संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा. आता वाटतं, पोरांचा अर्थही चुकीचा नव्हता. आपल्याला राजा म्हणायचं, पोशिंदा म्हणायचं, आणि या स्तुतीची वसुली आपल्याकडूनच करायची. पोशिंदा आहेस ना, मग भाव मागू नकोस, गिऱ्हाईक उपाशी मरेल. ही स्तुतीही व्याजाचीच.

तिसरं रूपक काळ्या आईचं. यात आपलीच चूक जास्त आहे. जमिनीला आई म्हणणं खोटं नाही. मी स्वतः पेरणीआधी माती कपाळाला लावतो. पण आईच्या दुधाचा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून आपण वावराचाही ठेवत नाही. घरच्या माणसांची मजुरी धरत नाही, बैलांचा चारा धरत नाही, आणि शेवटी काही उरलं नाही की नशिबाला बोल लावतो. दुसरं असं, की जमिनीला आई म्हणणाऱ्या आपल्या घरांत सातबाऱ्यावर किती आयांची नावं आहेत? गाण्यात बाई जमीन होते आणि कागदावर जमीन बाप्याची राहते. या गोष्टीला कुठला अलंकार म्हणायचं, ते मायबहिणींनीच सांगावं.

दगडाचे बॉम्ब

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग अलंकार सोडूनच द्या, रोखठोक बोला. तसं मी मुळीच म्हणत नाही. आपल्या माणसानं, आपल्या अनुभवातून, आपल्यासाठी केलेलं रूपक काय करू शकतं, याचा दाखला आपल्याच मुलखात आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणायचे आणि गावंच्या गावं जमायची. १९४२ सालच्या आधीपासून त्यांच्या हिंदी भजनांत अशी भाषा येऊ लागली, की झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील आणि भक्तांचीच फौज होईल. हे रूपक. दगड कधी बॉम्ब होतो का? पण १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टीला जे झालं, ते इतिहासात नोंदलेलं आहे. निःशस्त्र माणसं सत्तेवर चालून गेली. इंग्रज सरकारला अलंकार शिकवायला कोणी मास्तर लागला नाही. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ज्या गावातल्या तुरुंगात ते होते, त्या गावच्या विद्यापीठाला २००५ साली त्यांचंच नाव लागलं.

याच महाराजांचं झोपडीचं भजन आपण सगळे म्हणतो. राजाला महालात मिळतं ते सुख मला माझ्या झोपडीत मिळतं, असा त्याचा भाव. ते ऐकून कोणी म्हणतो, बघा, गरिबीतही सुख आहे. तो अर्थ मला पटत नाही. ज्या माणसाला तुरुंगाचं भय नव्हतं, त्याची ती झोपडी म्हणजे भय नसलेलं मन. कुडाचं घर तसंच राहू द्या, असं सांगणारा माणूस ‘ग्रामगीता’ लिहीत बसला नसता.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर गावोगाव भीमगीतं वाढली. वामनदादा कर्डकांनी आपल्या माणसांना तुफानात पेटलेले दिवे म्हटलं. त्यात ‘आम्ही’ आहे, हे महत्त्वाचं. दुसऱ्यानं कीव करून दिलेलं ते नाव नाही. आपण कोण, हे आपणच ठरवलं. नागपूरच्याच राजा बढेंचं गाणं २०२३ साली महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. त्यात नद्यांच्या नावांत आपली वर्धा ‘वरदा’ होऊन येते, आणि दारिद्र्याला ऊन म्हटलेलं आहे. विदर्भ महाराष्ट्रात असावा की नसावा, हा वाद इथं काढत नाही. पण दारिद्र्य म्हणजे ऊन, हे ज्याला सुचलं त्यानं मे महिन्यातलं नागपूर पाहिलं होतं, एवढं मात्र नक्की.

आपल्या झडत्या

तेव्हा गाणं कानावर आलं की तीन गोष्टी विचाराव्यात. ही उपमा कोणी केली? त्यानं ते काम कधी हातानं केलं होतं का? आणि ही उपमा काय दाखवते, काय झाकते? बहिणाबाईचं बोंड रिकामेपणा दाखवतं. भोंग्यावरचं सोनं रिकामेपणा झाकतं.

विचारून थांबू मात्र नका. आपल्याकडे स्वतःची गाण्याची जागा आहे, ती मोडकळीला आली आहे. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की आपण झडत्या म्हणतो. सावकार, पाटील, सरकार, पाऊस, कोणाची गय नाही. शेवटी गौरा-पार्वतीला नमन आणि महादेवाचा गजर. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते आणि गावावरचं सगळं अरिष्ट तिच्यासोबत गावाबाहेर काढतात. बडग्यांना दरवर्षी नवं नाव मिळतं, कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. हा सगळा अलंकारच आहे, रस्त्यावर चालणारा. पण हल्ली तोरणाखाली काय ऐकू येतं? डीजे. बैल बुजतात आणि माणसं गप्प राहतात.

माझी विनंती इतकीच आहे. येत्या पोळ्याला प्रत्येक गावानं एक तरी नवी झडती करावी, आणि म्हाताऱ्या मंडळींना येणाऱ्या जुन्या झडत्या, जात्यावरच्या ओव्या, पोरींनी वहीत उतरवून घ्याव्यात. पुणे जिल्हा आणि भोवतालच्या गावांतून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा झाल्या आहेत. आपल्या आयांचं जातं काही मुकं नव्हतं. सुरुवात म्हणून मीच एक वेडीवाकडी झडती केली आहे. मास्तरची झडती आहे, सांभाळून घ्या.

गाडी रे गाडी, कापसाची गाडी,
पांढऱ्या सोन्यात भेटली नाही बायकोले साडी.
कर्जाचं व्याज खाते वावराची माती,
सोनं म्हन्ता तं सोन्याचा भाव द्या हाती.

(टाळ्या)

टाळ्या नकोत, यापेक्षा चांगली करून आणा. तुमच्यातला जो रोज वखर हाकतो, त्याला माझ्यापेक्षा बरी सुचेल, याची मला खात्री आहे.

शेवटी त्या घराबद्दल. त्या दिवशी आमच्यातला एक जण उठला, चौकात गेला आणि भोंगा बंद करून आला. पोरांनी काही वाद घातला नाही. ती आता दोन एकर स्वतः करते. मागच्या हंगामात तिच्या पहिल्या वेच्याला मी गेलो होतो. बाया ओळीनं वाकल्या होत्या आणि कोणीतरी हळू आवाजात काही म्हणत होतं. शब्द नीट ऐकू आले नाहीत, म्हणून मी धुऱ्यावरच थांबलो. तिनं पाहिलं आणि हाक मारली, “या ना गुरुजी, आवाज मोठा करतो आमी.”

त्या आवाजासाठी मी आज बोललो. आता चहा आला आहे, मी थांबतो.